नक्षत्रवीराची मिशी

ज्ञानदेव ओव्हाळ वर्षातले अकरा महिने मिशी राखायचा आणि बाराव्या महिन्यात ती सफाचट करायचा. सणसवाडीला ज्या कंपनीत तो पत्रा दाबायच्या प्रेसवर होता, तिथल्या बिहारी पोरांना पहिल्या खेपेला वाटलं, याच्या घरात कुणीतरी वारलं. बिचाऱ्यांनी तोंडं पाडून विचारलं, "कौन गुजर गया, भैया?" ज्ञानदेवनं खरं ते सांगून टाकलं, "कोई नहीं गुजरा. मेरेको औरत बनना है." त्यानंतर आठवडाभर त्याच्या शेजारी बसून कुणी डबा खाल्ला नाही.

भानगड अशी होती. वडगाव रासाईच्या बौद्धवस्तीत चौदा एप्रिलला वंदना, झेंडा, मिरवणूक सगळं रीतसर व्हायचं. पण जयंतीचं नाटक व्हायचं मे महिन्यात, पोरांना सुट्ट्या लागल्यावर, पुण्याची, सणसवाडीची आणि दौंडच्या रेल्वेतली मंडळी गावी आली की. नाटक ठरलेलं, 'नक्षत्रवीर'. गावात बदलून आलेल्या एका मास्तरांनी ते बसवलं होतं. मास्तर पुढं बदलून गेले, नाटक गावातच राहिलं. मास्तरांचा विचार थोर होता. आपल्याला देव नको, अवतार नको, चमत्कार नको. आपला नायक विज्ञानातून आला पाहिजे. म्हणून त्यांनी दूरच्या नक्षत्रावरून यानात बसून येणारा वीर काढला. हा वीर आकाशातून उतरायचा, दुष्टाचा नाश करायचा, गांजलेल्यांना सोडवायचा, आणि शेवटी सोडवलेली बाई त्याच्या पाया पडायची. पण तो देव नव्हता बरं का. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं.

दुष्ट दरवर्षी बदलायचा. कधी हुंडेबाज सासरा, कधी गुत्तेवाला, कधी भोंदूबाबा. वीर मात्र कायम सर्जेराव. दौंडला रेल्वेत गँगमन, उंचापुरा, आवाज असा की भीमेच्या पलीकडं राहू गावच्या हद्दीतली कुत्री जागी व्हावीत. त्याची मिशी शिरूरच्या पेंटरनं मंडळाच्या बॅनरवर इतकी झोकात रंगवली होती की वीराआधी मिशीच नजरेत भरायची. आणि दुष्टानं खांबाला बांधलेली बाई, म्हणजे 'धरणी', ती होती आपला ज्ञानदेव. नाटक पहिल्यांदा बसलं तेव्हा वस्तीतल्या बाईला स्टेजवर चढवायचा विचार कुणाच्या मनातही आला नाही. नाटक समतेचं असलं तरी त्यालाही काही मर्यादा होत्या. ज्ञानदेव तेव्हा काडीसारखा होता, आवाज गोड, कंबर नाजूक. मास्तरांनी त्याला लुगडं नेसवलं, ते त्याच्या अंगाला जे चिकटलं ते सोळा वर्षं सुटलं नाही.

आता तो चाळिशीला आला होता. पोट सुटलं होतं, आणि बायकोच्या, ताईबाईच्या, पोलक्याची बटणं मागं दोऱ्यानं आवळावी लागत. पण धरणी तोच. काम तो जीव लावून करायचा, हे त्याचे दुश्मनही कबूल करत. खांबाला बांधल्यावर तो मान अशी टाकायचा की पुढं बसलेल्या म्हाताऱ्या पदरानं डोळे पुसायच्या. पण डोळे पुसून झाले की नाटक संपायचं आणि चेष्टा सुरू व्हायची, ती पुढच्या मेपर्यंत. पिठाच्या गिरणीत, "या धरणीबाई, काय दळण आणलंय?" एसटीत, "अरं, लेडीज सीट सोडा, धरणी चढली." ज्ञानदेव हसून साजरं करायचा. आत मात्र जळायचा. त्याला एकच गोष्ट पाहिजे होती. एकदा, फक्त एकदा, यानातून आपण उतरावं आणि दुसऱ्या कुणीतरी चारचौघांत आपल्या पाया पडावं. सोळा वर्षं तो सर्जेरावाच्या धुळीनं भरलेल्या बुटांना हात लावत आला होता. हे त्यानं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण ताईबाईला माहीत होतं, कारण तो झोपेत हुकूम सोडायचा.

दोन हजार दोन साली त्याचं नशीब उघडलं. सर्जेरावाचे दात गेले होते आणि त्यानं नवी कोरी कवळी बसवली होती. नाटकात ऐन भराच्या वेळी तो यानाच्या दारात उभा राहून "थांब, दुष्टा!" असं गरजला आणि कवळी सुटली ती थेट दुष्टाच्या पायाशी. दुष्टाचं काम मल्हारी करायचा, तो गिरणीवाला. स्वभावानं सज्जन माणूस. त्यानं कवळी उचलली, उपरण्याला पुसली आणि अदबीनं वीराच्या हातात दिली. त्या वर्षी गुत्तेवाल्याचा पराभव झाला खरा, पण लोकांची सहानुभूती गुत्तेवाल्यालाच मिळाली. सर्जेरावानं विहारात येऊन जाहीर केलं, की आपण आता वीरपद सोडतो.

पुढच्या एप्रिलात मंडळाचा अध्यक्ष सम्राट यानं पडताळणीसाठी तालीम लावली. सम्राट शिरूरला कॉलेजात शिकलेला होता आणि 'पडताळणी' असले शब्द त्याला आवडायचे. खरं तर पडताळायचं काहीच नव्हतं. सगळे धरून चालले होते, आता ज्ञानदेवचा नंबर. त्यानं मिशी वाढवून तिला पीळसुद्धा दिला होता.

विहारामागच्या लिंबाच्या फांदीला कप्पी, कप्पीला दोर आणि दोराला यान. यान म्हणजे धान्याची जुनी पत्र्याची कोठी, तिला चांदीचा कागद लावलेला. चार गड्यांनी ज्ञानदेवला आत बसवून वर ओढलं. खाली धरणीच्या जागी नुसताच खांब होता, त्याला नावापुरतं एक लुगडं गुंडाळलेलं. मल्हारी खांबापुढं आला आणि त्यानं दरवर्षीचं वाक्य फेकलं, "आता तुला कोण वाचवणार?"

इथं धरणीनं किंकाळी फोडायची. खांब कसला किंकाळी फोडतो! पण वरून, यानातून, हेल्मेटच्या आतून, गोड बायकी आवाजात हाक आली, "वाचवा हो, वाचवा! आहे का कुणी या पृथ्वीवर?"

ज्ञानदेवच्या तोंडून ती आपसूक निघाली होती. सोळा वर्षांची सवय, समोरून ते वाक्य आलं की तोंडानं हाक मारायचीच. दोर धरणारे गडी इतके हसले की यान हातभर खाली आलं. आणि त्या हसण्यातच मागून, चहाची किटली घेऊन आलेल्या पोरीचा खणखणीत आवाज उठला, "पृथ्वीवर नसेल, पण नक्षत्रावर आहे! थांब, दुष्टा!"

हसणं जागच्या जागी बंद झालं. मल्हारी तर खरोखरच थांबला. ती दीक्षा होती, ज्ञानदेवची थोरली लेक, शिरूरला सायन्सला शिकणारी. तिचीही सवयच. धरणीचं काम पाठ करायला घरी समोर वीर लागतो. दीक्षा पाच वर्षांची होती तेव्हापासून ज्ञानदेव तिला कॉटवर उभी करायचा आणि स्वतः मोरीच्या खांबाला टेकून रडायचा. नाटकाची वाक्यं तोंडी चालत आलेली, कागद कुठं नव्हताच. सर्जेरावाच्या खालोखाल वीर साऱ्या तालुक्यात कुणाला पाठ असेल तर या पोरीला.

सम्राट म्हणाला, "बस्स! आपला नक्षत्रवीर सापडला."

"कुठं हाय?" ज्ञानदेवनं वरून विचारलं. त्याला अजून कुणी खाली घेतलं नव्हतं.

संध्याकाळी विहारात बैठक बसली. बापे आत, बाया ओट्यावर. एका म्हाताऱ्यानं सुरुवातीलाच सांगितलं, की वीर म्हणजे वीर, त्याची बाई करणं म्हणजे बैलाला दूध मागणं.

सम्राट म्हणाला, "आबा, संविधानात समता हाय."

"संविधानात हाय रं. नाटकात कुठं हाय?"

दुसरा म्हणाला, पोरं बिघडतील. कशी, ते त्याला सांगता आलं नाही, पण बिघडतील हे नक्की. तिसरा विज्ञानावर घसरला, "त्या नक्षत्रावर बाया हायेत का, ह्ये आधी ठरवा. नसतील तर बाई यानात बसलीच कशी?"

ओट्यावरून ताईबाई बोलली, "बाया न्हाईत म्हनता, तर मग तुमचा वीर कुणाच्या पोटी आला?"

"त्यो यानातनं आला," म्हाताऱ्यानं ठणकावून सांगितलं. देव नाकारलेल्या त्या बैठकीत यानातून जन्मलेल्या माणसाला कुणी हरकत घेतली नाही. सगळ्यांत बिनतोड मुद्दा शेवटी मांडला गेला तो बॅनरचा. बॅनरवर मिशी आहे. शिरूरच्या पेंटरला परत कोण सांगायला जाणार?

आणि या सगळ्यांत जास्त चढा आवाज कुणाचा होता? ज्ञानदेवचा. "बाई माणसानं बाप्याचं काम करायचं म्हंजी काय चेष्टा हाय व्हय? बाप्याची चाल येगळी, बसनं येगळं, बोलनं येगळं. ज्याचं काम त्यानंच केलं पायजे!" सोळा वर्षं लुगडं नेसणारा माणूस हे बोलत होता आणि विहारातले सगळे बापे गंभीरपणे माना डोलावत होते. ओट्यावर मात्र बायांनी तोंडाला पदर लावले.

सर्जेराव कवळी सांभाळून उठला. त्यानं तोड काढली, "पोरगी चांगली बोलती. करू द्या तिला. फकस्त मिशी लावायची. मिशी लावली की वीर बाप्याच ऱ्हातोय, आन् बॅनर बी टिकतोय."

सगळ्यांना हायसं वाटलं. दीक्षा उभी राहिली. "मी मिशी लावणार नाही आबा. मिशी लावून केलं तर मी तुमची नक्कल केली असं होईल. माझा नक्षत्रवीर बाई हाय. तिकडच्या नक्षत्रावरनं ह्या वर्षी बाई आली, असं समजा."

ज्ञानदेव उसळला, "अगं, बाईचं काम करायला मी दरसाल मिशी काढतो. मंग तुला एक लावायला काय हुतंय?"

"तुम्ही काढता कारण धरणी बाई हाय, आप्पा. हा वीर बाप्या नाहीच, तर मी कशापायी लावू?"

शेवटी दीक्षा बिनमिशीची वीर ठरली. तत्त्व कुणाला पटलं म्हणून नव्हे. दुसऱ्या कुणाला संवाद येत नव्हते म्हणून ठराव झाला. या वस्तीत पुष्कळ पुरोगामी ठराव असेच झालेले आहेत. मग धरणीचा प्रश्न आला. सम्राट उत्साहानं ओट्याकडं वळला, "आता धरणीचं काम पण खऱ्या बाईनंच करावं. कोण तयार हाय?" एकही बाई तयार होईना. खांबाला बांधून घ्यायला कशाला स्टेजवर जायचं, म्हणाल्या, घरी काय कमी बांधलंय? सगळ्यांच्या नजरा फिरून ज्ञानदेववर आल्या.

"मी करनार न्हाई," तो म्हणाला आणि तडक निघून गेला.

घरी त्यानं ताईबाईला खरं कारण सांगितलं, भाकरी चिवडत. "शेवटाला धरणी पाया पडती. आता बापानं लेकीच्या पाया पडायचं व्हय, साऱ्या गावादेखत? आधीच मला लोक बाई म्हनत्यात. ह्यानंतर काय म्हनतील? मला गाव सोडावं लागंल."

ताईबाई म्हणाली, "सर्जेरावांच्या पडत हुता तवा गाव न्हाई सोडलं."

"त्यो बाप्या हुता!"

"व्हय. ते बी खरंच," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मग घरात अबोला सुरू झाला. ज्ञानदेव सकाळी कंपनीत जायचा, आल्यावर ओसरीवर भिंतीकडं तोंड करून पडायचा. आतल्या खोलीत दीक्षा काम बसवायची आणि धरणीची वाक्यं ताईबाई म्हणायची. ताईबाईचं दहा जणांत चालणारं तोंड, पण नाटकात ते चालेना. "वाचवा हो वाचवा आहे का कुणी या पृथ्वीवर," हे ती रेशन दुकानात केरोसीन आलंय का विचारावं तसं म्हणायची. पहिल्या दिवशी ज्ञानदेवनं उशी कानावर दाबली. दुसऱ्या दिवशी तो नुसताच कुशीवर वळत राहिला. तिसऱ्या दिवशी तो उठून दारात आला. त्याला ते सहन होईना. आपलं पोर कुणी वेडंवाकडं उचललं तर माणूस काय गप्प बसून बघतो?

"अगं, 'वाचवा' वर श्वास तोडायचा. 'पृथ्वीवर'ला आवाज खाली. भीक न्हाई मागायची. धरणी हाय ती, भिकारीन न्हाई."

"मंग तुम्हीच म्हना," ताईबाई म्हणाली आणि भांडी घासायला निघून गेली.

ज्ञानदेव उंबरा ओलांडून आत आला. मग मोरीच्या खांबाला टेकला आणि त्यानं मान टाकली. दीक्षा कॉटवर चढली. दुसऱ्या दिवशी तो न्हाव्याकडं गेला. न्हाव्यानं पीळ दिलेल्या मिशीकडं बघून विचारलं, "हिला बी?" ज्ञानदेव म्हणाला, "काढ." वाईट वाटलंच त्याला, कुणाला वाटणार नाही? पण पाया पडायची जागा त्यानं घरच्या तालमीत एकदाही येऊ दिली नाही. तिथवर आलं की त्याला पाणी प्यायचं असायचं, नाहीतर म्हशीला वैरण टाकायची असायची. ते स्टेजवर बघू, असं म्हणायचा, आणि स्टेजवर त्या वेळी आपण बेशुद्ध पडल्यासारखं करू, असं त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

नाटकाच्या दिवशी दिवेलागणीलाच मैदान भरलं. वीर बाई आहे ही बातमी पसरली होती, त्यामुळं एरवी न येणारेही आले होते. नदीपलीकडून ट्रॅक्टर आले. बॅनरवरच्या मिशीवर सम्राटनं पांढरा कागद डकवला होता, त्यामुळं वीराला सर्दी झाल्यासारखं दिसत होतं. त्या वर्षीचा दुष्ट होता मुलगी नको म्हणून सोनोग्राफी करायला लावणारा सासरा. मल्हारीनं ज्ञानदेवला खांबाला बांधलं आणि गरजला, "आता तुला कोण वाचवणार?"

ज्ञानदेवनं मान टाकून हाक मारली. सोळा वर्षांत मारली नव्हती अशी. म्हाताऱ्यांचे पदर डोळ्यांना लागले.

"पृथ्वीवर नसेल, पण नक्षत्रावर आहे! थांब, दुष्टा!"

यान उतरलं, दार उघडलं आणि सर्जेरावाच्या जुन्या हेल्मेटमध्ये, ढगळ रेनकोटात दीक्षा उभी राहिली. वेणी खांद्यावरून पुढं आलेली. कुणी टाळी वाजवेना, कुणी हसेना. आणि मग मागच्या ट्रॅक्टरवरून कुणीतरी ओरडलं, "आरं, बाईला बाई सोडवनार व्हय रं?"

हास्याचा लोट आला, शिट्ट्या सुरू झाल्या. दीक्षा पुढचं वाक्य विसरली. हेल्मेटच्या काचेआड तिचे डोळे भरून आलेले ज्ञानदेवला दिसले. लहानपणी कॉटवर वाक्य विसरली की असेच भरायचे. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. बांधलेल्या खांबावरूनच त्यानं मान वर केली आणि धरणीच्या नव्हे, स्वतःच्या, प्रेसच्या खडखडाटावर चालणाऱ्या आवाजात ओरडला, "सोडवू दे की! सोळा वर्सं बाप्याला बाप्याच सोडवीत हुता, तवा न्हाई रं तुज्या पोटात दुखलं!"

आधी बाया हसल्या. मग पुढची पोरं, मग म्हातारे, आणि शेवटी ट्रॅक्टरवरचेही. सर्जेराव तर तोंडावर हात घट्ट दाबून हसत होता, कवळीपायी. त्या गदारोळात दीक्षाला तिचं वाक्य सापडलं. ती यानातून उडी मारून खाली आली आणि तिनं सासऱ्याला असं काही झापलं की मल्हारी घाबरून दोन वाक्यं आधीच मेला.

तिनं दोर सोडला. ज्ञानदेवचे हात मोकळे झाले. आता पाया पडायचं. समोर कोण कुणाचं आहे हे पुढच्या रांगेपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. ताईबाई पुढच्या रांगेत उठून उभी राहिली होती. बेशुद्ध पडायची हीच वेळ होती. ज्ञानदेव पडला नाही. तो एक पाऊल पुढं आला, तशी दीक्षा घाबरून एक पाऊल मागं सरली, मग आणखी एक, तिची पाठ यानाच्या पत्र्याला लागली.

"आप्पा, नको," ती पुटपुटली.

"उभी ऱ्हा सरळ," ज्ञानदेव हळूच म्हणाला. "वीर मागं सरत नसतो."

ती उभी राहिली. ज्ञानदेवनं पदर सावरला आणि वाकला.